टर्मिनलवरून डाउनलोड: कुठलं टूल कधी वापरायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबई, ठाणे, डोंबिवली, पनवेल इथून इंजिनिअरिंगची मुलं, ग्रंथालयांत स्कॅनिंगचं काम करणारे आणि छोट्या ऑफिसांत 'कॉम्प्युटरचं तुम्हीच बघा' म्हणून जबाबदारी गळ्यात पडलेले लोक फिरून फिरून हेच प्रश्न पाठवतात. ते साध्यापासून अवघडाकडे असे लावले आहेत. कमांड आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, मात्र ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे. -सी असं दिसलं तर ते लहान अक्षर समजा; मोठं लागत असेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. ब्राउझर असताना टर्मिनलच्या भानगडीत का पडायचं?

हॉल तिकिटाचं एखादं पीडीएफ हवं असेल तर पडूच नका. टर्मिनलचा उपयोग होतो तो फाइल काही जीबीची असेल तेव्हा, फायली शंभर असतील तेव्हा, रोज रात्री तीच फाइल नव्याने आणायची असेल तेव्हा किंवा फाइल तुमच्या लॅपटॉपवर नाही तर दूरच्या सर्व्हरवर उतरवायची असेल तेव्हा. त्या सर्व्हरला स्क्रीनच नसते, मग ब्राउझर कुठला? आणखी एक कारण म्हणजे एफटीपीचे (फायली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचे) पत्ते. क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनीही २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं. संशोधनाचा जुना डेटा अजूनही अशा पत्त्यांवर असतो. तो आणायला कर्ल किंवा डब्ल्यूगेट अशी टर्मिनलवरून फायली आणणारी टूल लागतात.

२. मला एकच टूल शिकायचंय. कुठलं शिकू?

डब्ल्यूगेट. 'डब्ल्यूगेट -सी' लिहा, पुढे अवतरणचिन्हांत पत्ता द्या, झालं. सर्व्हरने दुसरीकडे पाठवलं तर ते आपणहून तिकडे जातं, पत्त्यातलं नाव फाइलला देतं आणि जोडणी तुटली तर पुन्हा प्रयत्न करतं.

बहुतेक जण विचारतात, सगळ्यांत फास्ट कुठलं? मी उलटा प्रश्न विचारतो: तुमचं नेट मध्येच गेलं तर काय व्हायला हवं? पहिल्यापासून सुरुवात झाली तरी चालणार असेल तर काहीही वापरा. जिथे राहिलं तिथून पुढे जायचं असेल तर डब्ल्यूगेट किंवा आरिया२ (एकाच वेळी अनेक कनेक्शनने फाइल उतरवणारं टूल). चुकलं तर स्क्रिप्टला कळायला हवं असेल तर कर्ल. टूल निवडण्याचा याहून चांगला निकष मला तरी सापडलेला नाही. वेगाबद्दल प्रश्न ६ मध्ये लिहिलं आहे.

३. कर्ल आणि डब्ल्यूगेट यांत नेमका फरक काय? दोन्ही फाइलच आणतात ना?

आणतात, पण दोघांचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, क्रोएशियाच्या ह्र्वोये निक्शिच यांचं डब्ल्यूगेट आलं. मोडेम कुरकुरण्याचा तो काळ. संथ आणि भरवसा नसलेल्या जोडणीवर टिकून राहणं हाच त्याचा मूळ हेतू, आणि तो स्वभाव अजून गेलेला नाही. पानावरच्या लिंका धरून पुढे जाणं, सबंध फोल्डर उतरवणं हेही त्यालाच जमतं. कर्लला ते येत नाही, आणि करायचंही नाहीये.

कर्ल स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचं, या नावाने १९९८ पासूनचं. ते सर्व्हरशी बोलण्यासाठी आहे: फॉर्म पाठवणं, हेडर (मागणीसोबत जाणारी माहिती) बदलणं, एपीआय (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची सोय) तपासणं, फाइल वर चढवणं. त्याचं इंजिन, लिबकर्ल, असंख्य उपकरणांत आणि अ‍ॅप्समध्ये आत दडलेलं असतं. म्हणून कर्लला जे सांगाल तेवढंच ते करतं, मनाने काही करत नाही. नवख्यांना चटका बसतो तो इथेच.

४. कर्लने फाइल घेतली तर स्क्रीनभर कचरा आला. दुसऱ्यांदा फाइल मिळाली, पण फक्त १ केबीची! काय चुकलं?

कर्ल मिळालेला मजकूर मुळात स्क्रीनवरच ओततं. फाइलमध्ये ठेवायचं असेल तर मोठा -ओ द्या (पत्त्यातलंच नाव ठेवतो) किंवा लहान -ओ देऊन पुढे आपलं नाव लिहा.

१ केबीची फाइल म्हणजे बहुधा 'ही फाइल तिकडे हलवली आहे' असं सांगणारं पान. कर्ल त्यामागे जात नाही. त्यासाठी मोठा -एल लागतो. ४०४ ('पान सापडलं नाही') आलं तरी कर्ल ते चुकीचं पान इमानेइतबारे तुमच्या 'पुस्तक.पीडीएफ' नावाखाली साठवून ठेवतं. ते टाळायला लहान -एफ. म्हणजे रोजच्या वापरात तीन अक्षरं एकत्रच येतात: लहान एफ, मोठा एल, मोठा ओ. हे लक्षात ठेवायचा कंटाळा असेल तर 'डब्ल्यूकर्ल' नावाची छोटी स्क्रिप्ट आता कर्लसोबत येते. ती हे पर्याय स्वतःच लावते.

५. अर्ध्यावर नेट गेलं. पहिल्यापासून करायला लागेल का?

बहुतेक वेळा नाही. डब्ल्यूगेटला -सी, कर्लला मोठा -सी आणि त्यापुढे मोकळी जागा सोडून एक हायफन. आरिया२ ला त्याच फोल्डरमध्ये तीच कमांड पुन्हा दिली की पुरतं. मात्र आरिया२ फाइलशेजारी '.आरिया२' अशा शेपटीची एक छोटी फाइल ठेवतं, कुठले तुकडे आले याची नोंद म्हणून. जागा कमी आहे म्हणून ती उडवलीत तर तो हिशोबच गेला.

पुढे चालू करणं सर्व्हरच्याही हातात असतं. 'कर्ल' ला मोठा -आय देऊन पत्ता विचारा. उत्तरात 'अ‍ॅक्सेप्ट-रेंजेस: बाइट्स' दिसलं तर अर्ध्यापासून मिळेल. तेव्हा सर्व्हर २०० (पूर्ण फाइल) ऐवजी २०६ (फाइलचा भाग) हा क्रमांक पाठवतो. ती ओळ नसेल तर प्रयत्न करून बघा, पण भरवसा ठेवू नका.

आता लोकलमध्ये मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसणाऱ्यांसाठी खरी गोष्ट. डब्ल्यूगेट डीफॉल्टने २० वेळा प्रयत्न करतं हे खरं, पण सर्व्हरकडून काहीच येत नसेल तर ते ९०० सेकंद, म्हणजे तब्बल पाव तास, वाट बघत राहतं. हॉटस्पॉट कुर्ल्याला तुटून घाटकोपरला परत आला तरी ते ढिम्मच. म्हणून '--टाइमआउट=२०' आणि '--ट्राइज=०' द्या; शून्य म्हणजे कितीही वेळा. कर्लला '--रीट्राय १०', शिवाय '--स्पीड-लिमिट १०००' आणि '--स्पीड-टाइम ३०' द्या: तीस सेकंद वेग सेकंदाला हजार बाइटच्या खाली राहिला तर ते स्वतःच सोडून देतं.

एक धोका आहे. मधल्या काळात सर्व्हरवरची फाइल बदलली असेल तर -सी जुन्या अर्ध्याला नवं अर्ध चिकटवून देतं. आकार बरोबर, आतून फाइल बाद. रोज बदलणाऱ्या फाइलला -सी लावू नका. तिथे डब्ल्यूगेटचा मोठा -एन वापरा. सर्व्हरवरची प्रत नवी असेल तरच तो आणतो. उरलेल्यांसाठी प्रश्न १३.

क्रोममध्ये अडकलेली '.सीआरडाउनलोड' फाइलही वाया जात नाही. तिची प्रत काढा, मूळ नाव द्या आणि त्याच पत्त्याने 'डब्ल्यूगेट -सी' चालवा. पत्ता ठरावीक वेळेनंतर मरणारा असेल तर मात्र नवा मिळवावा लागेल.

६. आरिया२ सोळा कनेक्शन लावतं म्हणे. मग वेग सोळापट का होत नाही?

कारण तुमच्या घरात येणारी वायर एकच आहे. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी मिळणार (बिट आणि बाइट यांत आठपटीचा फरक), आणि एका कनेक्शनवर ११ मिळत असतील तर बाकीची पंधरा शोभेची.

फायदा दोन परिस्थितींत दिसतो. सर्व्हर प्रत्येक कनेक्शनला ठरावीकच वेग देत असेल तर, किंवा सर्व्हर खूप लांब असेल तर. परदेशातून मुंबईत येणारा बराचसा डेटा समुद्राखालच्या केबलने येतो, त्यांतल्या काही वर्सोव्याला किनाऱ्यावर लागतात. युरोपकडच्या केबल तांबड्या समुद्रातून येतात. २०२४ आणि २०२५ मध्ये तिथे केबल तुटल्या तेव्हा वाहतूक लांबच्या वाटेने वळवावी लागली. अशा वेळी प्रत्येक पाकिटाला लागणारा वेळ वाढतो, एक कनेक्शन रांगतं आणि आठ कनेक्शन बरी चालतात.

आरिया२ मध्ये एका सर्व्हरला डीफॉल्ट एकच कनेक्शन असतं. लहान -एक्स ने ते १६ पर्यंत नेता येतं, त्यापुढे नाही. -एक्स १६ देऊनही एकदोनच कनेक्शन दिसतात, अशी तक्रार फार येते. त्याचं कारण तुकड्याचा किमान आकार २० एमबी असतो, आणि ४० एमबीच्या आतली फाइल फुटतच नाही. लहान -के ने तो १ एमबी करा, आणि लहान -एस ने तुकड्यांची संख्याही वाढवा. ती डीफॉल्टने ५ असते.

सरकारी किंवा विद्यापीठाच्या सर्व्हरवर सोळा लावू नका. निकालाच्या दिवशी तर मुळीच नको. ४२९ किंवा ४०३ आलं म्हणजे तुम्हाला बाहेर काढलंय. चार पुरेत. लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉल करायची मोठी फाइल) असेल तर सोळा कनेक्शनच्या आधी जवळचा मिरर (त्याच फायलींची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर) निवडा किंवा टॉरेंट घ्या. आरिया२ टॉरेंटही उतरवतं.

७. विंडोजवर काय आहे? विंगेट म्हणजेच डब्ल्यूगेट का?

नाही. विंगेट हे प्रोग्रॅम इन्स्टॉल करायचं टूल आहे. नाव सारखं दिसतं एवढंच. विंडोज १० मध्ये २०१८ च्या १८०३ आवृत्तीपासून कर्ल आयतं मिळतं, डब्ल्यूगेट मिळत नाही.

गोंधळ पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या टर्मिनलमध्ये, होतो. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये 'कर्ल' आणि 'डब्ल्यूगेट' ही दोन्ही टोपणनावं आहेत, मागे चालतं ते 'इन्व्होक-वेबरिक्वेस्ट'. त्यामुळे इंटरनेटवरून उचललेली कर्लची कमांड तिथे लाल अक्षरांत ओरडते. 'कर्ल.ईएक्सई' असं पूर्ण नाव टाइप करा, खरं कर्ल चालेल. पॉवरशेल ७ मध्ये ही टोपणनावं काढली आहेत. आणि ५.१ मध्ये इन्व्होक-वेबरिक्वेस्टच वापरायचं असेल तर प्रोग्रेस दाखवणारी पट्टी बंद करा. ती रंगवण्यातच इतका वेळ जातो की मोठी फाइल कूर्मगतीने येते.

८. मॅकवर?

कर्ल आहे, डब्ल्यूगेट नाही. होमब्रू (मॅकवर प्रोग्रॅम इन्स्टॉल करायचं टूल) असेल तर डब्ल्यूगेट आणि आरिया२ दोन्ही एका ओळीत येतात.

९. लॅपटॉप नाही, फोनच आहे. जमेल का?

अँड्रॉइडवर टर्मक्स हे टर्मिनलचं अ‍ॅप घ्या, शक्यतो एफ-ड्रॉइड या अ‍ॅप स्टोअरवरून. प्ले स्टोअरवरची आवृत्ती बराच काळ जुनी पडून होती. आत 'पीकेजी इन्स्टॉल' ने तिन्ही टूल मिळतात. आधी 'टर्मक्स-सेटअप-स्टोरेज' चालवा, नाहीतर उतरवलेली फाइल फोनच्या फोल्डरांत दिसणार नाही. स्क्रीन बंद झाल्यावर फोन त्याला झोपवतो, म्हणून मोठ्या कामाआधी 'टर्मक्स-वेक-लॉक'.

१०. पत्ता तर बरोबर चिकटवला, तरी अर्धाच पत्ता गेला आणि टर्मिनल भलतंच काही म्हणतंय.

पत्त्यात '&' आहे. शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्रॅम) त्याचा अर्थ 'हे मागे चालू ठेव' असा घेतं आणि पुढचा भाग वेगळी कमांड समजतं. '?' आणि कंसही असाच त्रास देतात. पत्ता नेहमी अवतरणचिन्हांत ठेवा. लिनक्स-मॅकवर एकेरी चांगलं, विंडोजच्या सीएमडीत मात्र दुहेरीच चालतं. बॅच फाइलमध्ये लिहीत असाल तर प्रत्येक '%' दोनदा लिहा; मराठी पत्त्यांत ते खंडीभर असतात, का ते पुढच्या प्रश्नात.

११. मराठी नावाच्या फायली '%ई०%ए४...' अशा नावाने येतात. देवनागरीतच राहाव्यात म्हणून काय करू?

ग्रंथालयवाल्यांचा सर्वांत आवडता, म्हणजे नावडता, प्रश्न. पत्त्यात देवनागरी तशीच जात नाही. प्रत्येक अक्षराचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइटपुढे टक्केचिन्ह लागतं. देवनागरीचे पहिले दोन बाइट नेहमी 'ई०' आणि मग 'ए४' किंवा 'ए५', म्हणून सगळी नावं सारखीच दिसतात.

डब्ल्यूगेट हे उलटं फिरवतं, पण अर्धवट. १२८ ते १५९ या बाइटना ते जुन्या सवयीने 'नियंत्रण अक्षरं' समजून पुन्हा टक्क्यांत बदलतं. देवनागरीतल्या कित्येक अक्षरांचा शेवटचा बाइट नेमका त्याच पट्ट्यात पडतो. मग नावातली काही अक्षरं नीट आणि काही फुटकी असा प्रकार होतो. '--रिस्ट्रिक्ट-फाइल-नेम्स=नोकंट्रोल' दिलं की नावं शाबूत राहतात. लिनक्सवर हा पर्याय डब्ल्यूगेटच्या सेटिंग फाइलमध्ये कायमचा टाकून ठेवा.

कर्लचा मोठा -ओ पत्त्यातलं नाव जसंच्या तसं, टक्क्यांसकट ठेवतो. नाव हातानेच द्या किंवा डब्ल्यूकर्ल वापरा. ते टक्के सोडवतं.

दुसरी अडचण लांबीची. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजीत ती २५५ अक्षरं, देवनागरीत जेमतेम ८५, आणि काना-मात्रा-वेलांट्याही त्यातच मोजल्या जातात. कीर्तनाच्या किंवा व्याख्यानमालेच्या व्हिडिओचं शीर्षक सहज त्यापलीकडे जातं आणि वायटी-डीएलपी (व्हिडिओ उतरवणारं टूल, प्रश्न १८) 'नाव फार लांब आहे' म्हणून थांबतं. त्याच्या नावाच्या साच्यात शीर्षकाला '.२००बी' अशी बाइटची मर्यादा घाला. '--रिस्ट्रिक्ट-फाइलनेम्स' लावू नका. तो देवनागरी पार पुसून टाकतो.

१२. स्टेशनच्या वायफायवर आयएसओ उतरवली. नाव बरोबर, पण फाइल उघडत नाही.

मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ मध्ये रेल्वेचं फुकट वायफाय सुरू झालं, तेव्हापासून हा किस्सा चालू आहे. अशा वायफायवर आधी मोबाइल नंबर आणि ओटीपी द्यावा लागतो. तो दिला नसेल तर तुम्ही काहीही मागा, उत्तर म्हणून लॉगिनचंच पान येतं. ब्राउझरमध्ये ते दिसतं. टर्मिनलला डोळे नसतात, ते त्या पानालाच 'उबुंटू.आयएसओ' म्हणून ठेवतं.

लिनक्स किंवा मॅकवर 'फाइल' ही कमांड त्या नावावर चालवा. 'एचटीएमएल डॉक्युमेंट' आलं तर हाच प्रकार. मग ब्राउझरने लॉगिन करा, ती फाइल पुसा आणि पुन्हा सुरू करा. न पुसता -सी लावलंत तर लॉगिनच्या पानाच्या शेपटीला आयएसओ जोडली जाईल.

पत्ता एचटीटीपीएस असेल तर पानाऐवजी सर्टिफिकेटची (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या दाखल्याची) चूक येते, आणि ती आलेली बरी. गडबड होते ती लोक वैतागून तपासणी बंद करतात तेव्हा (प्रश्न १४).

१३. फाइल धड आली आहे हे कसं ओळखू?

आकार जुळला म्हणजे फाइल जुळली असं नाही. प्रकाशकाने दिलेला एसएचए-२५६ आकडा (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा) ताडून बघा. लिनक्सवर 'शा२५६सम', मॅकवर 'शासम -ए २५६', विंडोजवर पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश'. आकडा शक्यतो मूळ संकेतस्थळावरून घ्या; फाइल दिली त्याच मिररवरचा आकडा तपासणं म्हणजे चोरालाच साक्षीला बोलावणं. आरिया२ ला '--चेकसम' मध्ये आकडा आधीच देता येतो, मग ते उतरवून झाल्यावर स्वतः तपासतं. आकडा कुठेच दिलेला नसेल तर झिप फाइल 'अनझिप -टी' ने तपासता येते. पीडीएफ मात्र उघडून शेवटचं पान बघावं लागतं.

१४. सर्टिफिकेटची चूक येते. कर्लचा -के लावला की चालतं. लावू ना?

नको. तो 'समोरचा कोण आहे ते विचारू नकोस' असं सांगतो. आधी मशीनची तारीख बघा, जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेली की तारीख मागे जाते. मग लॉगिनचं वायफाय आहे का ते बघा. ऑफिसात किंवा कॉलेजात प्रॉक्सी मध्ये बसून सगळं उघडून बघत असेल तर तिथल्या आयटीवाल्यांकडून त्यांचं सर्टिफिकेट मागून घ्या आणि '--सीएसर्ट' ने द्या.

१५. एका संस्थेच्या साइटवर जुन्या अंकांची शेकडो पीडीएफ आहेत. सगळी एकदम?

डब्ल्यूगेटला -आर (पानांमागे पानं), -एनपी (वरच्या फोल्डरात चढू नकोस), मोठा -ए आणि 'पीडीएफ' (फक्त तीच ठेव). खोली डीफॉल्टने पाच पातळ्यांची असते. शिवाय '--वेट=२' आणि '--रँडम-वेट' द्याच. हा नुसता शिष्टाचार नाही; न दिल्यास सर्व्हर तुम्हाला बंद करतो आणि मग तुमच्या ऑफिसातल्या कोणालाच ती साइट उघडत नाही.

पानांची नावं क्रमाने असतील तर कर्ल सोपं. पत्त्यात '[००१-१२०]' असं लिहिलं की ते पुढची शून्यं सांभाळून १२० फायली आणतं. (आकडे अर्थात रोमन कीबोर्डचे.)

शोधाचा फॉर्म भरल्यावरच यादी येणाऱ्या किंवा सगळी यादी जावास्क्रिप्टने रंगवणाऱ्या साइटवर -आर हात हलवत परत येतं. तिथे लिंकांची यादी दुसऱ्या मार्गाने जमवून एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा आणि लहान -आय ने डब्ल्यूगेटला द्या.

डब्ल्यूगेट असं फिरताना रोबोट्स.टीएक्सटी (अशा टूलसाठी साइटने लिहिलेले नियम) पाळतं, ते बंद करायची युक्ती इथे विचारू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय डेटा उतरवणं स्पष्टपणे येतं. एक ईमेल केलात तर संस्था पुष्कळदा पेनड्राइव्हवर सगळं देते. तो मार्ग कुठल्याही टूलपेक्षा वेगवान आहे.

१६. लॉगिन केल्यावरच मिळणारी फाइल टर्मिनलवर कशी आणू?

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडा, डाउनलोड सुरू करा, त्या ओळीवर उजवी क्लिक करून 'कॉपी अ‍ॅज कर्ल' घ्या. सगळ्या कुकीज आणि हेडरसह तयार कमांड मिळते. तिच्यात तुमचं चालू लॉगिन असतं, म्हणून 'चालत नाहीये, बघा ना' म्हणत ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. पासवर्डही कमांडमध्ये लिहू नका. तो हिस्टरीत राहतो आणि त्याच मशीनवरच्या इतरांना चालू प्रोसेसच्या यादीत दिसू शकतो. '.नेटआरसी' फाइल त्यासाठीच आहे.

१७. गूगल ड्राइव्हची लिंक डब्ल्यूगेटला दिली, पान आलं.

मोठ्या फाइलआधी ड्राइव्ह 'व्हायरस तपासता आला नाही' असं पान दाखवतो, तेच आलं. एखाददुसऱ्या जाहीर फाइलला 'जीडाउन', नेहमीच्या कामाला 'आरक्लोन'. आरक्लोन एकदा जोडायला अर्धा तास खातं, पण मग ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह सगळं एकाच भाषेत बोलतं.

१८. यूट्यूबसाठी?

वायटी-डीएलपी. कर्ल-डब्ल्यूगेटचं तिथे काम नाही, कारण चित्र आणि आवाज वेगवेगळे तुकड्यांत येतात. ते जोडायला एफएफएमपेग हवंच. नसेल तर कमी दर्जाचा व्हिडिओ, किंवा मुका व्हिडिओ आणि आंधळा आवाज अशा दोन फायली हाती येतात. मूळचं यूट्यूब-डीएल ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकी संगीत कंपन्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून गिटहबवरून हटवलं होतं, नोव्हेंबरमध्ये परत आलं. पण आता काम पुढे चाललंय ते त्याच्या या फांदीत, वायटी-डीएलपीत. 'काल चालत होतं, आज नाही' याचं उत्तर दहापैकी नऊ वेळा 'अपडेट करा' हेच असतं. आपले स्वतःचे किंवा मुक्त परवान्याचे व्हिडिओ उतरवा. नाटकांची चोरलेली रेकॉर्डिंग कशी उतरवायची, या प्रश्नाला इथे उत्तर मिळणार नाही.

१९. मी डाउनलोड लावलं की घरात सगळ्यांचं नेट अडतं. आईचा व्हिडिओ कॉल तुटतो.

वेगाला लगाम घाला. डब्ल्यूगेट आणि कर्ल दोघांनाही '--लिमिट-रेट' आहे, आरिया२ ला '--मॅक्स-ओव्हरऑल-डाउनलोड-लिमिट'. हे आकडे बाइटचे असतात: '५००के' म्हणजे साधारण ४ एमबीपीएस. '५०के' लिहून 'फारच हळू आहे' म्हणणारे बरेच भेटतात.

२०. दूरच्या सर्व्हरवर रात्रभर चालू ठेवायचंय; लॅपटॉप बंद केला की थांबतं.

एसएसएच (दूरच्या सर्व्हरशी असलेली जोडणी) तुटलं की त्यातली कामंही जातात. आधी टीमक्स (जोडणी तुटली तरी कामं चालू ठेवणारं टूल) सुरू करा, आत डाउनलोड लावा, सोडून झोपा. टीमक्स नसेल तर 'डब्ल्यूगेट -बी' मागे जाऊन बसतं आणि प्रगती 'डब्ल्यूगेट-लॉग' फाइलमध्ये लिहितं.

२१. पेनड्राइव्हवर उतरवताना बरोबर ४ जीबीला थांबतं. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा आहे.

तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे. त्यात एक फाइल ४ जीबीहून मोठी मावत नाही. डेटा काढून एक्सफॅट करा. त्यावर आरिया२ सुरुवातीलाच बराच वेळ गप्प बसलं तर ते पूर्ण फाइलची जागा आधी लिहून काढतंय; '--फाइल-अलोकेशन=नन' द्या. तरीही अडखळत असेल तर आधी हार्डडिस्कवर उतरवा. लॅमिंग्टन रोडवर फारच स्वस्तात मिळालेला ड्राइव्ह असेल तर खरी क्षमताही तपासा.

२२. डब्ल्यूगेट२ वर जाऊ का?

हा डब्ल्यूगेटचा नवा अवतार. फेडोरा लिनक्सने २०२४ मध्ये, ४० व्या आवृत्तीपासून, 'डब्ल्यूगेट' या नावाखाली तेच द्यायला सुरुवात केली, त्यामुळे काही जण नकळत गेलेच आहेत. ते एकाच वेळी अनेक फायली आणतं आणि एचटीटीपी/२ बोलतं. एफटीपी मात्र त्याला येत नाही. प्रश्न १ मधले जुने पत्ते तिथे अडतील, त्यासाठी कर्ल ठेवा.

२३. स्क्रिप्ट रोज पहाटे फाइल आणते. एखाद्या दिवशी आली नाही हे मला कसं कळणार?

स्क्रीनवरचा मजकूर वाचू नका, परतीचा क्रमांक (कमांड संपताना देते तो) बघा. शून्य म्हणजे ठीक. कर्लमध्ये ६ म्हणजे सर्व्हरचं नावच सापडलं नाही, २८ म्हणजे वेळ संपली, ६० म्हणजे सर्टिफिकेट, २३ म्हणजे लिहिता आलं नाही (बहुधा डिस्क भरली). २२ म्हणजे सर्व्हरने ४०० किंवा वरचा नकार दिला, पण तो फक्त -एफ दिला असेल तरच मिळतो. नसेल तर ४०४ लाही शून्यच येतं. डब्ल्यूगेटमध्ये ४ म्हणजे नेटवर्क, ८ म्हणजे सर्व्हरचा नकार.

नवी फाइल थेट जुन्या नावावर उतरवू नका. तात्पुरत्या नावाने आणा, क्रमांक शून्य आला आणि आकार शून्य नाही हे बघा, मगच नाव बदला. नाहीतर चुकलेल्या पहाटे कालची चांगली प्रतही हातची जाते.

२४. दोन्ही मशीन माझीच आहेत: घरचा पीसी आणि ऑफिसचा सर्व्हर. तरीही डब्ल्यूगेट?

नाही, आरसिंक. १९९६ चंच आहे, आणि फाइल आधीपासून दोन्हीकडे असेल तर फक्त बदललेला भाग पाठवतं. मोठा -पी दिला की तुटलेली फाइल जपून ठेवतं आणि प्रगतीही दाखवतं. पहिल्यांदा '--ड्राय-रन' ने चालवा, विशेषतः '--डिलीट' वापरणार असाल तर. आणि मूळ फोल्डरच्या नावापुढची तिरकी रेघ बघून द्या: ती असेल तर आतल्या फायली जातात, नसेल तर फोल्डरसकट.